‘मारुं वतन’ – दहा ओळी लिहायच्या आहेत, मदत हवी

रावपुऱ्याची_सून
नमस्कार मंडळी. लेक सहावीत आहे, गुजराती माध्यम. बाईंनी निबंध दिलाय, ‘मारुं वतन’. दहा ओळी, सोमवारपर्यंत.

काल संध्याकाळी वही घेऊन ती आजोबांकडे (म्हणजे माझ्या सासऱ्यांकडे) गेली आणि म्हणाली, "आजोबा, आपलं वतन कुठलं?" बाबांनी चष्मा काढला, पुसला आणि म्हणाले, "वतन? ते गेलं. सरकारनं घेतलं." पोर घाबरलीच. मग पाऊण तास तिला सातारा जिल्ह्यातलं गाव, तिथलं कुलकर्णी वतन, बाबांच्या आजोबांच्या नावानं बडोद्याला येणारी वर्षाची मनीऑर्डर आणि बाबा सात वर्षांचे असताना ती कशी एकदम बंद झाली, हे सगळं ऐकावं लागलं. निबंधाची एक ओळ झाली नाही.

घोळ असा की गुजरातीत वतन म्हणजे मूळ गाव. बाबांच्या मराठीत वतन म्हणजे पिढीजात हक्क, जमीन, पाटीलकी-कुलकर्णीपण. आणि १५ ऑगस्टला लाउडस्पीकरवर जे वाजतं ते वतन म्हणजे देश. एकाच घरात तीन वतनं.

आता खरी अडचण. लेक म्हणजे बडोद्यातली पाचवी पिढी. त्या गावात मी लग्नानंतर एकदाच, कुलदैवताला जाताना, अर्धा तास थांबले होते. लेकीनं ते पाहिलेलंसुद्धा नाही. मग तिनं लिहायचं काय? आणि बाकी भाषांत या शब्दाची काय गत आहे तेही सांगा. भाषेचे किडे इथे पुष्कळ आहेत, ठाऊक आहे मला.

शेवउसळ
लिहा, ‘मारुं वतन सुरसागर’. दहा ओळी तळ्यातल्या महादेवावरच निघतील.

दांडियाबाजारकर
अहो ताई, हा प्रश्न माझ्या मागे ५८ वर्षं लागलाय. गुजरातेत ओळख झाली की तिसरं वाक्य ठरलेलं, ‘तमारुं वतन कयुं?’ समोरचा आणंदचा, नडियादचा, भादरणचा असतो आणि टक्कन सांगतो. तीस वर्षं अमेरिकेत काढली असली तरी वतन भादरण. मी ‘वडोदरा’ म्हटलं की मान हलवतो. ‘ए तो खरुं, पण मूळ वतन?’ हे ‘मूळ’ माझ्या मुळावर उठलंय.

पूर्वी मी सरळ रत्नागिरी सांगून मोकळा व्हायचो. मग एका लग्नात खराखुरा रत्नागिरीकर भेटला. त्यानं विचारलं, कुठलं गाव, कुठली वाडी? गाव कसंबसं आठवलं, वाडी येईना. तेव्हापासून सोडलं.

आजीच्या वेळी शेजारचे आम्हाला ‘दक्षिणी’ म्हणायचे. सुट्टीत पुण्याला गेलो की तिथली भावंडं ‘गुजराती’ म्हणायची, आमटीत गूळ जास्त पडतो म्हणून. मला दोन्ही चालायचं. पण निबंधात काय लिहिणार, ‘मारुं वतन एसटीमां’?

सदाशिव_पेठ
गुजरातीत शब्द चुकीचा वापरतात, एवढंच आहे हे. वतन म्हणजे वतन. वतनदार, वतनपत्र, वतनी जमीन. मूळ गावाला मराठीत ‘मूळ गाव’ म्हणतात. कन्येनं बाईंना समजावून सांगावं.

रावपुऱ्याची_सून
@सदाशिव_पेठ, सहावीतली मुलगी गुजरातीच्या बाईंना गुजराती शिकवणार? मार्क तुम्ही देणार का?

भाषाभुंगा
@सदाशिव_पेठ, उलट आहे हो. वाकडी वाट आपण धरली.

‘वतन’ अरबी. मूळ अर्थ राहण्याची जागा, मुक्काम, माणूस जिथं वस्ती करतो ते ठिकाण. गुरंढोरं जिथं बसतात त्या जागेलाही त्याच धातूतला शब्द आहे. म्हणजे आरंभी यात झेंडा नव्हता, गोठा होता. तिथून तो फारसीत आला आणि फारसीतून आपल्या सगळ्यांकडे. गुजरातीनं अर्थ जवळपास होता तसा ठेवला. आपल्याकडे मात्र जुन्या कारभारात गावाशी माणसाचं नातं म्हणजे गावातला हक्क, काम आणि उत्पन्न, म्हणून वतन म्हणजे तेच होऊन बसलं. ‘देश’ हा अर्थ सगळ्यात उशिराचा. एकोणिसाव्या शतकात राष्ट्र ही कल्पना पसरली तेव्हा तुर्की आणि अरबी लिहिणाऱ्यांना फ्रेंच ‘पात्री’साठी शब्द हवा होता. हा जुना घरगुती शब्द हाताशी होता, तोच ताणला.

हे जगभर झालंय. हंगेरीत देशाला ‘हॉझॉ’ म्हणतात. ‘हाझ’ म्हणजे घर. आणि ‘मी घरी चाललो’ म्हणतानासुद्धा ते ‘हॉझॉ’च म्हणतात. आपल्या ‘देश’ शब्दाचंही पाहा. दिश् म्हणजे दाखवणं, त्यावरून दिशा आणि देश. बोट करून दाखवली ती जागा. कोकणातल्याला विचारा, देश म्हणजे घाट चढून गेल्यावर लागतो तो. देशस्थ काही सगळ्या भारताचे नव्हेत.

सदाशिव_पेठ
म्हणजे शेवटी देशस्थांवर आलात. अपेक्षित होतं.

हावड्याची_वहिनी
‘देश’वरून आठवलं. लग्न होऊन कोलकात्याला गेले तेव्हा पहिल्याच आठवड्यात शेजारच्या काकूंनी विचारलं, ‘तोमार देश कोथाय?’ मला वाटलं, या बाईला मी परदेशी दिसते की काय. मोठ्या अभिमानानं ‘भारत’ म्हणाले. सगळं घर हसलं. बंगालीत असं विचारलं की गाव सांगायचं असतं. ‘देशेर बाडी’ म्हणजे गावाकडचं घर. तिथं अनेकांचा देश फाळणीनंतर आजच्या बांगलादेशात गेला. एक आजी रोज म्हणायच्या, आमच्या देशात आंबे असे असायचे. त्यांचा ‘देश’ म्हणजे एक तळं आणि तीन घरं.

जिरावण
इंदुरातून हजेरी. आमच्या गल्लीतले मारवाडी काका दर उन्हाळ्यात ‘देस जा रहे हैं’ म्हणतात. लहानपणी मला वाटायचं, दरवर्षी पासपोर्ट लागत असेल.

शेवउसळ
मुंबईतला दूधवाला ‘मुलुक’ला जातो, ऑफिसातला ‘नेटिव्ह’ला जातो, कच्छी शेठ ‘देशमां’ जातो. सुट्टी सगळ्यांची एकदमच. दूध मिळत नाही ते नाहीच.

तलाठी_निवृत्त
सूनबाई, सासऱ्यांची आठवण अगदी बरोबर आहे. मुंबई राज्यानं परगणा व कुलकर्णी वतनं नष्ट करण्याचा कायदा १९५० साली केला, अंमल पुढच्या वर्षी. तेव्हाच मनीऑर्डर थांबली असणार.

माझी निम्मी नोकरी या वतनांच्या कागदांत गेली. लोकांना वाटतं वतन म्हणजे जमीन. जमीन हा त्याचा एक भाग. वतन म्हणजे काम, मान आणि उत्पन्न एकत्र. पोळ्याला पहिला बैल कुणाचा, होळीला पहिला नारळ कुणाचा, हेसुद्धा वतनात येई आणि त्यावर पिढ्यान्‌पिढ्या भांडणं चालत. वतन विकता येई, गहाण टाकता येई, भावाभावांत वाटता येई. म्हणून तर कुलकर्णीपणाचे आठ आठ हिस्सेदार, त्यातला एक बडोद्याला. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात वतनदारांना राज्याचे दायाद म्हटलंय, म्हणजे राज्यातले भाऊबंदच. यावरून काय ते समजा. आणि ज्याची गावात पिढीजात जमीन तो मिरासदार, बाहेरून येऊन कसणारा तो उपरी. ‘उपरा’ हा शब्द ऐकला की मला आजही कुळाच्या नोंदी दिसतात.

साधा_माणूस
तलाठीकाकांनी अर्धंच सांगितलं. आमच्या पणजोबांकडेही वतन होतं. महार वतन. रात्री दोनला सरकारी माणूस आला तरी उठायचं, टपाल घेऊन दुसऱ्या गावापर्यंत पळायचं, मेलेलं ढोर ओढायचं. एकाच्या नावावर काम लागलं की घरातले सगळे त्यात. बदल्यात जमिनीचा तुकडा आणि दारोदारची भाकरी. बाबासाहेबांनी १८७४चा वतन कायदा बदलावा म्हणून १९२८ मध्ये मुंबईच्या कायदे कौन्सिलात विधेयक मांडलं होतं. कनिष्ठ गाववतनं नष्ट करण्याचा कायदा व्हायला १९५८ उजाडलं.

आमच्या घरात ‘वतन गेलं’ हे वाक्य सुस्कारा टाकून कुणी म्हटलेलं मी ऐकलेलं नाही. आजा म्हणायचा, "वतन सुटलं." ग्रहण सुटतं तसं.

मी स्वतः मकरपुऱ्याला कारखान्यात लागलो, २६ वर्षं झाली. वतन विचारलं की ‘वडोदरा’ सांगतो. मूळ वगैरे विचारलं तर परत ‘वडोदरा’.

रावपुऱ्याची_सून
@साधा_माणूस, हे मी बाबांना वाचून दाखवलं. बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सुटलं म्हणायला हवं खरं."

बासेलकर
स्वित्झर्लंडहून. ‘मूळ वतन’ फक्त गुजरातेत विचारतात असं वाटत असेल तर ऐका. इथल्या पासपोर्टवर जन्मगाव नसतंच. त्याजागी ‘हायमाटओर्ट’ असतं, म्हणजे घराण्याचं गाव. माझा साहेब झुरिकमध्ये जन्मला, वाढला. पासपोर्टवर डोंगरातलं एक खेडं आहे, तिथं तो कधी राहिलेला नाही. पूर्वी कुणी कंगाल झाला तर त्याला पोसायची जबाबदारी त्या गावावर असे, म्हणून गावं नोंदी डोळ्यांत तेल घालून जपत. जर्मनांचं ते ‘हायमाट’, म्हणजे मायभूमी, हळवं, कवितेतलं वाटतं ना? त्याच्या पोटात असा रोकडा हिशेब आहे. बाबांच्या मनीऑर्डरीचा लांबचा चुलतभाऊच.

भाग्यश्री_अलकापुरी
आणि बायकांचं काय? माझं माहेर सुरतेचं, त्यांचं मूळ खानदेशात. सासर बडोद्याचं, मूळ वाईचं. बायोडेटात वतन काय लिहिलं असेल? बाबांनी लिहिलं धुळे, सासूबाई सगळ्यांना सांगतात वाई. मला कुणी विचारलंच नाही.

बासेलकर
@भाग्यश्री_अलकापुरी, इथंही लग्न झालं की नवऱ्याचं गाव बायकोला लागायचं. २०१३ पासून ते थांबलं.

भाग्यश्री_अलकापुरी
थांबलं तर. म्हणजे आशेला जागा आहे.

सदाशिव_पेठ
विषय एवढा वाढलाच आहे तर एक मत मांडतो. आपण भूमीला माता मानतो, मातृभूमी. जर्मन लोक पितृभूमी म्हणतात, ‘फाटरलांट’. म्हणून ते शिस्तीचे आणि आपण लाडावलेले. भाषेतून समाजाचा स्वभाव कळतो.

भाषाभुंगा
ऐकायला छान, पण टिकत नाही. लॅटिन ‘पात्रिया’ बापावरून आलेला शब्द, लिंग मात्र स्त्रीलिंगी. फ्रेंच ‘पात्री’ तसाच. स्पॅनिशमध्ये तर ‘माद्रे पात्रिया’ असा प्रयोग आहे, म्हणजे मातृ-पितृभूमी. दक्षिण अमेरिकेतले लोक स्पेनला असं म्हणत आले. पोलिश ‘ऑयचिझ्ना’ बापावरून, तीही स्त्रीलिंगी. चिनी ‘झूग्वो’मध्ये आईही नाही, बापही नाही, थेट पूर्वज. फिनलंडवाले ‘इसान्मा’ म्हणजे बापाची भूमी म्हणतात. आता स्वभावाचं कोष्टक मांडा.

मॉस्को_मेडिकल
रशियनमध्ये दोन्ही आहेत. ‘रोदिना’ जन्मावरून, ती आई. ‘अतेचेस्त्वो’ बापावरून. १९४१ ते ४५च्या युद्धाला ते महान ‘अतेचेस्त्वेन्नाया’ युद्ध म्हणतात, आणि त्याच युद्धाच्या भित्तिपत्रकावर हाक मारणारी असते ती आई-रोदिना. घरात दोघंही हवेत की.

पण सूनबाईंच्या कामाचं आणखी एक आहे. रशियन लोक ‘मालाया रोदिना’ म्हणतात, म्हणजे छोटी मायभूमी. माणूस वाढला ते गाव, तो मोहल्ला. होस्टेलात वोल्गाकाठची एक मुलगी होती, ती छोटी रोदिना म्हणताना नदीचा घाट आणि आजीचं कुंपण एवढंच सांगायची.

गंमत म्हणून सांगतो, चेक भाषेत ‘व्लास्त’ म्हणजे मायदेश, आणि रशियनमध्ये तसाच शब्द ‘व्लास्त्य’ म्हणजे सत्ता. आमच्या वर्गात एक चेक आणि एक रशियन होता. यावरून रात्र रात्र वाद.

जिरावण
वतनदारांना कळलं असतं हे. त्यांना दोन्ही एकच होतं.

बोटीवरचा_इंजिनीअर
सध्या सुराबायाला आहे. इंडोनेशियात मायदेशाला ‘तानाह आयर’ म्हणतात. तानाह म्हणजे माती, आयर म्हणजे पाणी. आई-बाप कुणी नाही, माती-पाणी. बेटाबेटांचा देश, पाणी सोडून कसं चालेल? आम्हा बोटीवाल्यांना हाच शब्द पटतो, आमचं अर्धं वतन पाणीच.

फुकटचा_सल्ला
आईच हवी. जननी जन्मभूमिश्च स्वर्गादपि गरीयसी. वाद संपला.

भाषाभुंगा
वाद कुठला संपतोय, ते तर नेपाळचं बोधवाक्य आहे. राजमुद्रेवर छापलंय.

तरी आईची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. वाराणसीला भारतमाता मंदिर आहे, १९३६ मध्ये गांधीजींच्या हस्ते उघडलेलं. आत मूर्ती नाही. जमिनीवर संगमरवरात कोरलेला, डोंगर-नद्यांच्या उंचसखलपणासकट नकाशा आहे. नमस्कार करायला गेलो आणि हिमालयापाशी वाकून सातपुडा शोधत बसलो.

फुकटचा_सल्ला
मग पितृभूमी-पुण्यभूमीवरही बोलूया का?

संचालक
नको. तो धागा मागच्या वर्षी ४०० प्रतिसादांवर बंद करावा लागला होता. निबंधावर या.

शेवउसळ
संचालकांचं वतन धोक्यात.

ग्रंथपाल_मांडवी
बडोद्याच्या धाग्यात सयाजीराव अजून आले नाहीत, याचं नवल वाटलं. त्यांनाच हा निबंध द्या. जन्म नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा, नाव गोपाळ. १८७५ मध्ये दत्तक येऊन बडोद्याचे राजे झाले आणि १९३९ पर्यंत होते. दत्तक गेल्यावर घराण्याचं मूळ धरायचं, तर ते दावडी, पुणे जिल्हा. म्हणजे कवळाणे, दावडी की बडोदं? आणि राज्य केलं ते गुजराती बोलणाऱ्या प्रजेवर, कारभारात गुजरातीला जागा देऊन.

त्यांच्याच काळात, १९३१ साली, ‘श्रीसयाजीशासनशब्दकल्पतरु’ हा कोश निघाला. कारभारातल्या इंग्रजी शब्दांना गुजराती, मराठी, संस्कृत, उर्दू, फारसी, हिंदी आणि बंगाली असे शब्द शेजारी शेजारी मांडलेत. एकच शब्द चार रकान्यांत चार अर्थांचा असतो, ही बडोद्याच्या कचेरीतली रोजची अडचण असणार. तुमच्या घरात काल झालं तेच.

दांडियाबाजारकर
वा, हे आवडलं. सयाजीरावांना कुणी ‘पण मूळ वतन?’ विचारायची हिंमत केली नसणार, तेवढा फरक.

आणि शेवउसळराव, तुमचं मूळ वतन सांगा आधी. उसळ आपली, वर शेव त्यांची, बरोबर पाव पोर्तुगीजांचा. आणि बडोद्याबाहेर कुठंही गेलात तर तशी मिळत नाही.

शेवउसळ
तरी मला कुणी वतन विचारत नाही. फक्त ‘तीखुं के मीडियम?’ विचारतात.

भाग्यश्री_अलकापुरी
ताई, सोमवार होऊन गेला. निबंधाचं काय झालं?

रावपुऱ्याची_सून
सांगायचंच होतं. मी इथे तुमचे प्रतिसाद वाचत बसले आणि रविवारी रात्री लेकीनं आपलं आपणच लिहून टाकलं. वही मी पाहिलीच नाही. परवा दुपारी बाईंचा फोन. आवाज जरा दबका. म्हणाल्या, "बेन, घरमां बधुं बराबर छे ने?"

निबंधाची सुरुवात अशी होती: ‘मारुं वतन वडोदरा छे. मारा दादानुं वतन सरकारे लई लीधुं छे.’ पुढच्या ओळी शाळेचा रस्ता, कमाटीबागेतली माकडं, उत्तरायणची गच्ची आणि खंडेराव मार्केटमधली वांगी यांवर. शेवटची ओळ, ‘दादाने हवे मनीऑर्डर आवती नथी.’

बाईंना वाटलं, कुठलं तरी धरण-बिरण होऊन आमचं गाव पाण्याखाली गेलं. त्या वर्गात मदत गोळा करायच्या बेतात होत्या. मी वीस मिनिटं त्यांना गुजरातीतून कुलकर्णी वतन समजावलं. शेवटी म्हणाल्या, "एटले जागीर?" म्हटलं, हो, जवळपास.

बाबांना सांगितलं तर ते म्हणाले, "मग? चूक काय लिहिलंय तिनं?"

शेवउसळ
मार्क?

रावपुऱ्याची_सून
दहापैकी सात. तीन जोडणीचे, म्हणजे शुद्धलेखनाचे, गेले.